वेताळाचा संच आणि पीयूसीची फी

अक्का, नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, वय ४३, पतसंस्थेत नोकरी. लहानपणी सुट्टीत बेळगावला शहापुरात मामाकडं जायचो, तिथं इंद्रजाल कॉमिक्सचा नाद लागला. वेताळ (म्हणजे मुखवट्यातला फॅण्टम), जादूगार मॅण्ड्रेक, बहादूर. तीन वर्षांपूर्वी रद्दीच्या दुकानात त्यातला एक अंक दिसला आणि नाद पुन्हा उफाळला. आता इंद्रजाल, चांदोबा, जुने 'आवाज' आणि थोडे 'मार्मिक' मिळून तीनशेच्या आसपास अंक जमलेत. खर्च किती झाला ते घरी सांगितलेलं नाही. आता बाहेरगावचा एक माणूस फोनवरून म्हणतोय, 'इंद्रजाल मराठी, १ ते ८०५, एकही अंक न गाळता, ७० हजार.' २० हजार आगाऊ मागतोय, आठवड्याची मुदत दिलीय, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणतोय. पैसे आहेत, पण ते मुलीसाठी ठेवलेले. ती पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. बायको म्हणते, 'गावात वेताळाचं देऊळ आहे की, घरात कशाला आणलाय?' त्यात गेल्या पावसात वीस-पंचवीस अंकांना बुरशी आली, काहींना कसर लागली. संच घेऊ का? आणि आहेत ते राखू कसे?
– वेताळवेडा, खानापूर

वेताळवेडे, नमस्कार.

संच घेऊ नका. आधी एवढं सांगून टाकते, कारण तुमच्या आठवड्यातले चार दिवस टपालातच गेलेत.

आता कारण. इंद्रजाल सुरू झालं मार्च १९६४ मध्ये, टाइम्स ऑफ इंडियाच्या छापखान्यातून, वेताळाच्या गोष्टीनं. बंद पडलं १९९० मध्ये. इंग्रजी मालिकेची मोजदाद ८०५ पर्यंत जाते खरी, पण त्यातले १२३ आणि १२४ हे दोन अंक निघालेच नाहीत. संपामुळं छपाई झाली नाही आणि क्रमांक तसेच रिकामे राहिले. म्हणजे जगातल्या सगळ्यात श्रीमंत माणसाकडंही ८०३ च असणार. तुमचा माणूस 'एकही अंक न गाळता ८०५' म्हणतो, तेव्हा एक तर त्यानं अंक कधी मोजलेले नाहीत किंवा त्याच्याकडं ते नाहीतच. शिवाय हा हिशेब इंग्रजीचा. मराठी मालिका अंकाला अंक तशीच चालली असं धरून कुणी संच विकत असेल, तर त्याला इंग्रजीची यादी हातात धरून मराठीचे पैसे हवेत.

तरी जिवाला चैन पडणार नसेल तर एक करा. त्याला फोन करून तीन क्रमांक सांगा, त्यातला एक १२३. तिन्ही अंकांवर आजचं वर्तमानपत्र ठेवून फोटो पाठवा म्हणा. १२३ चा फोटो आला तर मला जरूर दाखवा, मी स्वतः विकत घेईन. येणार नाही. मग 'मी स्वतः येऊन बघतो, बघून रोख देतो' एवढंच म्हणा. खरा विकणारा असला तर चहाही पाजतो, नसला तर त्याला अचानक दुसरं गिऱ्हाईक सापडतं. आणि पैसे घेण्यासाठी म्हणून कुणी तुम्हालाच क्यूआर कोड स्कॅन करायला लावला तर फोन तिथंच ठेवा. स्कॅन करून पैसे जातात, येत नाहीत. आगाऊ काही देऊन बसला असाल तर लाजू नका, लगेच १९३० वर तक्रार नोंदवा. तास-दोन तासांचाही फरक पडतो.

आता घरातलं. अंकांवर किती खर्च झाला ते तुम्ही मला पत्रात लिहिलेलं नाही, म्हणजे स्वतःलाही सांगितलेलं नाही. एक वही घ्या. अंक, कुठून घेतला, किती दिले, असं आठवेल तसं सगळं लिहून काढा. बेरीज झाली की वही बायकोसमोर ठेवा. ओरडतील. ओरडू दे की! तीन वर्षं लपवलेल्या खर्चाला थोडं ओरडणं हे स्वस्तातलं व्याज आहे. मुलीच्या पैशांना हात लावायचा नाही हे त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि महिन्याला किती घालवायचे ते दोघांनी मिळून ठरवा. आकडा कितीही लहान असला तरी चालेल. रद्दीच्या दुकानात शंभर रुपयांत जेवढी मजा येते तेवढी ७० हजारांच्या पेटाऱ्यात येत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पेटारा उघडला की शोधायचं काहीच उरत नाही.

मला खरं बोलायचंय ते पुढं. इंद्रजाल पुण्यात, मुंबईत, इंदूरला, सगळीकडं गोळा करणारे आहेत. त्यांच्याकडं पैसा जास्त, ओळखी जास्त. त्या शर्यतीत खानापुरातून उतरून तुम्ही कायम मागंच राहणार. पण तुम्ही जिथं बसलाय तिथं एक गोष्ट आहे जी पुण्यातल्या माणसाला सहजासहजी मिळत नाही. तुमच्या आजूबाजूच्या माळ्यांवर दोन भाषांची रद्दी एकाच गाठोड्यात बांधलेली आहे.

चांदोबाचंच घ्या. मद्रासहून बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये ते सुरू केलं. कन्नड चंदमामा आलं १९४९ मध्ये, आपलं मराठी चांदोबा एप्रिल १९५२ मध्ये. चित्रं तीच, फक्त अक्षरं वेगळी. तोच विक्रम, खांद्यावर तेच प्रेत, तीच स्मशानातली झाडं. मी शहापुरात वाढले. आमच्या शेजारी कन्नड बोलणारं कुटुंब होतं, त्यांच्या घरी कन्नड अंक यायचा, आमच्याकडं मराठी. दोन अंक शेजारी ठेवून आम्ही मुली अक्षरं लावत बसायचो. मला कन्नड वाचायला शाळेनं शिकवलं त्याच्या आधी वेताळानं शिकवलं. (तुमचा वेताळ वेगळा, मुखवट्यातला. त्याचं मूळ जंगलाचं नाव इंद्रजालवाल्यांनी बदलून 'डेंकाली' केलं होतं, बंगालशी घोळ नको म्हणून. आपल्या गावदेवळातला तिसराच. तुमच्या बायकोचा गोंधळ उडतो त्यात नवल नाही.)

तर जोड्या जमवा. एकाच महिन्याचा मराठी चांदोबा आणि कन्नड चंदमामा. पन्नास जोड्या जमल्या तरी तो संग्रह असा होईल की बघायला लोक घरी येतील. खर्चही फार नाही, कारण कन्नड अंक मराठी संग्राहक बाजूला टाकतात आणि मराठी अंक धारवाड-हुबळीकडचे कन्नड संग्राहक. अमर चित्रकथेच्याही अशा जोड्या होतील. ती मालिका काढणारे अनंत पै स्वतः कारकळचे, म्हणजे कर्नाटकातलेच, आणि त्यांचा 'कृष्ण' हा अंक मालिकेत ११ वा आहे, कारण पहिले दहा परदेशी परीकथांचे होते. जुन्या रद्दीत त्या पहिल्या दहातलं काही कन्नडमध्ये सापडलं तर आधी मुकाट्यानं खिशात घाला, मग भाव विचारा.

आणि मुलगी. ती कन्नड वाचते ना? शाळेत वाचावंच लागतं. मग कन्नड अंकांची यादी तिच्याकडं द्या. परीक्षा झाल्यावर, आता नको.

विनोदी मासिकांतही हाच धागा धरा. कन्नडमध्ये 'कोरवंजी' नावाचं विनोदी मासिक होतं, डॉ. एम. शिवराम म्हणजे 'राशी' यांनी १९४२ मध्ये काढलेलं, १९६७ पर्यंत चाललं. आर. के. लक्ष्मण यांची सुरुवातीच्या काळातली चित्रं त्यात आहेत. मराठी संग्राहकांच्या हे गावीही नसतं. आपल्याकडं म्हणाल तर व्यंगचित्रकार शि. द. फडणीस यांचा जन्म भोजचा, १९२५ चा. भोज आपल्याच जिल्ह्यात, निपाणीकडचं. 'हंस' आणि 'मोहिनी'ची त्यांनी केलेली मुखपृष्ठं कुठं दिसली तर सोडू नका. त्यांची बहुतेक चित्रं बिनशब्दांची. सीमेवर जन्मलेल्या माणसानं शब्दच वगळून टाकावेत, याचं मला नेहमी हसू येतं. कुणाला भाषांतर नको, कुणाचा दावा नको.

'किर्लोस्कर' मासिकही बघून ठेवा. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा व्यवसाय बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरू झाला, मासिक १९२० चं, आणि संपादक शंकरराव स्वतः व्यंगचित्रं काढायचे. जुने अंक महाग असतात, सुटी पानं मिळाली तरी घ्या.

तुमच्याकडं 'मार्मिक' आहेत असं लिहिलंय. किती, कुठल्या वर्षांचे, ते लिहिलं नाही. १३ ऑगस्ट १९६० ला सुरू झालेलं ते साप्ताहिक. सीमाभागात त्याला वेगळाच मान होता, कारण आपला प्रश्न त्यात व्यंगचित्रातून यायचा. पण 'मार्मिक' घेताना आधी पिना मोजू नका, मधली पानं मोजा. 'रविवारची जत्रा' हे मधलं जोडपान लोक सरळ काढून भिंतीला लावायचे. आमच्या गल्लीत एका न्हाव्याच्या दुकानात आरशाच्या बाजूला ओळीनं लावलेली होती, दाढी करून घ्यायला आलेली माणसं आधी ती वाचायची. त्यामुळं मधलं पान शाबूत असलेला अंक थोडा फाटका असला तरी चांगला, आणि वरून कोरा करकरीत पण मधून पोकळ असला तर त्याला रद्दीचाच भाव.

'आवाज'ची गोष्ट याच्या उलट. मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये तो दिवाळी अंक सुरू केला आणि त्याच्या खिडक्या महाराष्ट्रभर गाजल्या. पानाला कापलेली खिडकी, त्यातून काहीतरी भलतंच दिसतं, आणि पान उलटलं की साधं, निरुपद्रवी चित्र. अमेरिकेत 'मॅड' मासिकात अल जाफी १९६४ पासून शेवटच्या पानावर घडीचं चित्र देत होते. पान ठरलेल्या जागी दुमडलं की दुसरंच चित्र तयार होतं. दोन्हींची कल्पना एकच: वाचकानं हात लावल्याशिवाय विनोद पूर्ण होत नाही. आणि इथंच संग्राहकांचं डोकं फिरतं. घडी न घातलेलं 'मॅड' त्यांना हवं असतं, खिडकीला हात न लागलेला 'आवाज' हवा असतो. न घातलेल्या घडीचा विनोद कुणाच्या कामाचा? मी तर बोटं लागून मऊ झालेली खिडकी आनंदानं घेते. फक्त खिडकीची कड फाटून पान सुटलेलं नाही ना, आणि शेजारचं पान गहाळ नाही ना, एवढं बघा. आमच्या धाकट्यानं एका 'आवाज'च्या सगळ्या खिडक्या कात्रीनं मोठ्या करून ठेवल्या होत्या, 'नीट दिसावं म्हणून'. तो अंक अजून आहे माझ्याकडं. विकायचा प्रश्नच येत नाही, घेणार कोण?

अंकावर साल नसेल, मुखपृष्ठच गेलं असेल, तर ते किती जुनं हे आतल्या खुणांवरून काढता येतं. किंमत आण्यात असेल तर बहुधा १९५७ च्या आधीचं, कारण त्या एप्रिलपासून दशमान नाणी आली. 'नये पैसे' किंवा 'न. पै.' असेल तर १९५७ ते १९६४ च्या मधलं. नुसते 'पैसे' असतील तर त्यानंतरचं. पत्त्यात 'मुंबई-१' सारखा लहान आकडा असेल आणि सहा आकडी पिन नसेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचं असण्याची शक्यता जास्त, पण जुना पत्ता लोक पुढंही वर्षानुवर्षं छापत राहिले, म्हणून एकाच खुणेवर जाऊ नका. मागच्या पानावर प्रसिद्ध झालेल्या अंकांची यादी असली की सगळ्यात शेवटचं नाव बघायचं. अंक त्याच्या आगेमागेच छापलेला. अमर चित्रकथेत हे फार उपयोगी पडतं, कारण त्यांच्या पुन्हापुन्हा आवृत्त्या निघाल्या आणि विकणारे प्रत्येक अंकाला 'पहिली आवृत्ती' म्हणतात. मुखपृष्ठाबद्दल शंका आली तर भिंगातून बघा. जुन्या छपाईत रंगाचे ठिपके ओळीनं, जाळीसारखे दिसतात. अलीकडच्या प्रिंटरनं काढलेल्या नकलेत शाईचे तुषार कसेही उडालेले असतात, आणि नेमकी जुनी घडी जिथं असायला हवी तिथं घडीचं फक्त चित्र छापलेलं असतं.

पावसाचं आता. खानापूरचा पाऊस म्हणजे भिंतीतून येणारा पाऊस, त्यात बुरशी न आली तर नवल. तुमचे अंक कुठं आहेत ते लिहिलं नाही, पण माझा अंदाज, लोखंडी ट्रंकेत, जमिनीवर, बाहेरच्या भिंतीला टेकून. तिन्ही चुका. ट्रंक रात्री गार पडली की आत दव धरतं. लाकडी फळीवर, आतल्या भिंतीच्या खोलीत, भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा. अंक उभे, पाठीशी पुठ्ठा देऊन, फार दाबून नाही आणि वाकतील इतके सैलही नाही. साधा तपकिरी पुठ्ठा नको, त्यात आम्ल असतं आणि ते कागदात उतरतं. आम्लरहित पुठ्ठे ऑनलाइन मिळतात. महाग वाटले तर आधी फक्त जुन्या पन्नास अंकांना घ्या.

पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या घ्या, नव्या शर्टावर येते तशी चुरचुरणारी, पारदर्शक. वहीला घालायच्या मऊ, वास मारणाऱ्या पीव्हीसीच्या कव्हरात घातलं की काही वर्षांत शाई कव्हरला चिकटते. पण पिशव्या भरायचं काम आता काढू नका! पावसाळ्यात पिशवीत घातलेला अंक म्हणजे ओलं धुणं घडी करून कपाटात ठेवण्यासारखं. जानेवारीत, हवा कोरडी झाली की भरा. तोवर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या ओल्या झाल्या की तव्यावर हलक्या आचेनं गरम करून पुन्हा वापरा. बायको विचारतील तव्यावर काय चाललंय. खरं सांगा, आता वहीचा काळ सुरू झालाय.

बुरशी आलेले अंक आज वेगळे काढा. पंख्याखाली, सावलीत वाळवा. उन्हात नको, वर्तमानपत्री कागदाला ऊन लागलं की तो दोन दिवसांत पिवळा पडतो आणि मग मोडतो. पूर्ण कोरडे झाल्यावर मऊ ब्रशनं, अंगणात, तोंडाला फडकं बांधून झाडा. डाग जाणार नाहीत, आणि ते घालवायला ब्लीच वगैरे लावायचा विचारही करू नका. कसर लागलेले अंक घट्ट पिशवीत बंद करून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही, नाहीतर दव थेट कागदावर बसतं. हे अंक मात्र सुके असायला हवेत. फ्रीझर नसेल तर ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याला विचारा, पण पिशवीवर काय आहे ते मोठ्या अक्षरांत लिहा. डांबरगोळ्यांचा वास माणसांना सोसत नाही, माझ्या आजीचं वेखंड बरं, पण मलमलच्या पुरचुंडीत, पानाला न टेकवता.

सेलोटेप. इथं मला कबुली द्यायचीय. चाळीस वर्षांपूर्वी माझ्याकडचे सगळ्यात जुने चांदोबा फाटू नयेत म्हणून मी मोठ्या प्रेमानं कडेनं टेप लावली होती. टेप केव्हाच गळून पडली, गोंदाचा तपकिरी पट्टा तेवढा राहिला, तो प्रत्येक पानावर आरपार उतरलाय. फाटलं असेल तर फाटलेलंच राहू द्या. रबरबँडही नको. पिना गंजल्या असतील तर आतल्या बाजूनं बोथट चाकूनं उघडून हळूच काढा आणि त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवा. आणि लॅमिनेशन करून देतो म्हणणाऱ्याच्या दुकानासमोरून चालत पुढं जा.

एक शेवटचं. स्कॅन करून सगळ्यांना पाठवायची हौस येईल. स्वतःसाठी फोटो काढून ठेवा, पुरात-आगीत तेवढंच उरतं. पण आपल्या देशात लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, त्यामुळं यातलं जवळजवळ काहीच अजून मोकळं झालेलं नाही. जुन्या अंकांची भूक भागवायची तर बालभारतीनं 'किशोर'चे जुने अंक स्वतःच ऑनलाइन ठेवलेत, १९७१ पासूनचे. तेवढ्यात एक पावसाळा जाईल.

माझ्याकडं कन्नड चंदमामाचे सहा अंक आहेत, टेपेच्या पट्ट्यांसकट, सगळे १९६० च्या दशकातले. मराठी जोडी एकाचीही नाही. तुमची यादी वहीत तयार झाली की मला पाठवा, महिने जुळले तर हे सहा तुमचे. न्यायला मुलीला घेऊन या, तिच्याकडून दोन पानं वाचून घेईन. फक्त शनिवारी येऊ नका, बाजाराच्या दिवशी आमच्याकडं गाडी लावायला जागा नसते.

– अक्का